लाइम बे, २२ मार्च १९९३: मुलांचा वॉटर स्पोर्ट्स कॅम्प चालवणाऱ्यांनी वाचावं असं एक प्रकरण

एप्रिल लागला की व्हॉट्सॲपवर उन्हाळी कॅम्पची पोस्टर्स सुरू होतात. पानशेत, मुळशी, पवना, दापोली, तारकर्ली, वय आठ ते पंधरा, कायाकिंग, राफ्ट बांधणी, दोन रात्री तंबूत, जेवणखाण धरून अमुक इतके. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ हमखास असते, "प्रशिक्षित इन्स्ट्रक्टर, संपूर्ण सुरक्षितता". ह्या एका ओळीच्या मागे काय काय असायला लागतं आणि ते नसलं तर काय होतं हे ज्याला नीट समजून घ्यायचंय त्याने इंग्लंडमधल्या लाइम बे ह्या उपसागरात कायाकवर गेलेल्या चार मुलांच्या मृत्यूचं प्रकरण बघावं, कारण ते कोर्टात गेलं, तपशिलात उघडं झालं आणि त्यावरून तिथे कायदा आला. प्रकरण मार्चमधलं आहे, मुलं आपल्या कॅम्पच्या मुलांपेक्षा मोठी होती, समुद्र थंड होता, हे फरक मान्य. पण कॅम्प ज्या पद्धतीने चालवला जात होता ती पद्धत आपल्याकडे आजही बघायला मिळते म्हणून लिहितोय.

तर झालं असं. प्लिमथच्या साउथवे शाळेतली आठ मुलंमुली, वय सोळा-सतरा, आणि त्यांचे एक शिक्षक असे डॉर्सेटमधल्या लाइम रीजिस गावी सेंट अल्बन्स नावाच्या आउटडोअर सेंटरवर आले होते. सेंटर चालवणारी कंपनी ओएलएल लिमिटेड. सोमवारी २२ मार्चला सकाळी दहाच्या सुमारास मुलं कायाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्या, घेऊन समुद्रात उतरली, बरोबर सेंटरचे दोन इन्स्ट्रक्टर. म्हणजे अकरा कायाक. जायचं होतं शेजारच्या चारमथला, किनाऱ्याकिनाऱ्याने, तीनेक किलोमीटरच्या आत, दुपारच्या जेवणाला तिथे पोचायचं. ऐकायला किरकोळ वाटतं ना, आणि तेच तर आहे, कॅम्पच्या टाइमटेबलमध्ये हे "दिवस पहिला, सकाळचं सत्र" एवढंच दिसतं.

वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, मतलई वारा कसा फसवतो ते. किनाऱ्यावर उभं राहून बघितलं तर पाणी सपाट दिसतं कारण मागे डोंगर किंवा कडा असतो, त्याच्या आडोशाला लाटच उठत नाही, लाट तयार व्हायला वाऱ्याला मोकळं पाणी लागतं आणि ते पुढे आत गेल्यावर मिळतं. लाइम रीजिस ते चारमथ हा सगळा कड्यांचा किनारा. म्हणजे ज्याला अनुभव नाही त्याला सकाळी वाटणार, वा काय मस्त शांत पाणी आहे, आणि त्याच पाण्यावर तीन-चारशे मीटर आत गेलं की वारा पाठीवर बसतो आणि परत फिरायचं म्हटलं की तोच वारा तोंडावर. नवशिक्या मुलाला तोंडावरच्या वाऱ्यात वल्हं मारत परत येणं जवळजवळ अशक्य असतं, दहा मिनिटांत हात जातात.

निघाल्यानंतर थोड्याच वेळात शिक्षकांची कायाक उलटली. परत बसवलं, परत उलटली, असं होतच राहिलं. एक इन्स्ट्रक्टर त्यांच्यापाशी थांबला. दुसरी इन्स्ट्रक्टर मुलगी होती, तिच्याकडे आठही मुलं. तिने मुलांना एकमेकांच्या कायाक धरून ठेवायला लावल्या, ज्याला राफ्ट अप म्हणतात. हे तंत्र म्हणून चूक नाही, आपणही मुलांना पहिल्याच दिवशी हे शिकवतो, शेजारी-शेजारी कायाक धरून ठेवल्या की उलटत नाहीत. पण अशी राफ्ट वल्हवता येत नाही, वारा नेईल तिकडे ती जाते, आणि वारा समुद्राकडे होता. बघता बघता हा गट त्या दोघांपासून तुटला आणि आत वाहत गेला. पुढे लाटा मोठ्या झाल्या. कायाकच्या बसायच्या भोकावर कमरेभोवती जे झाकण लावतात, स्प्रे डेक, ते मुलांना दिलेलंच नव्हतं, त्यामुळे प्रत्येक लाटेचं पाणी आत. कायाक भरायला लागल्या, एकेक जण पाण्यात पडत गेला आणि मग सगळेच पाण्यात.

मार्चमध्ये इंग्लिश चॅनेलचं पाणी आठ-नऊ डिग्रीच्या आसपास असतं. वेटसूट होते, लाइफ जॅकेट होती, पण त्या पाण्यात तासन् तास काढायला ते पुरत नाही. मदतीला इशारा करायला फ्लेअर, म्हणजे लांबून दिसणारा जाळ पेटवायची नळी, नव्हती. सोबत सेफ्टी बोट नव्हती. आज इतकी मुलं इतक्या वाजता ह्या मार्गाने जातायत असं कोस्टगार्डला कोणी कळवलेलं नव्हतं. संध्याकाळी साडेपाचच्या पुढे एकेकाला बाहेर काढलं. आठपैकी चार मुलं गेली. शिक्षक आणि दोन्ही इन्स्ट्रक्टर वाचले.

इथे बहुतेक लोक म्हणतात, इन्स्ट्रक्टर कच्चे होते. होते, ते खरंच आहे. दोघांकडे ब्रिटिश कॅनू युनियनचं वन स्टार होतं, आणि वन स्टार म्हणजे स्वतःला कायाक नीट चालवता येते एवढं सांगणारं अगदी सुरुवातीचं सर्टिफिकेट, दुसऱ्याला शिकवायचं किंवा समुद्रात गट न्यायचं नाही. पण मला ह्या प्रकरणात इन्स्ट्रक्टरपेक्षा रेशोचा, म्हणजे किती जणांमागे किती इन्स्ट्रक्टर ह्याचा, मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण कागदावर रेशो चांगला होता. नऊ जणांना दोन इन्स्ट्रक्टर. आपल्याकडे कितीतरी कॅम्पमध्ये पंधरा मुलांमागे एक दादा असतो आणि पालकांना सांगताना स्वयंपाकाच्या मावशी आणि ड्रायव्हरही "स्टाफ" मध्ये मोजतात. इथे नऊला दोन होते, तरी एक माणूस अडचणीत आला आणि त्या क्षणी रेशो झाला आठाला एक. गट ठरवताना हाच हिशोब करावा लागतो, एक इन्स्ट्रक्टर एका मुलात अडकला तर उरलेल्यांकडे कोण, आणि तो उरलेला एकटा सगळ्यांना किनाऱ्याला आणू शकतो का. उत्तर नाही असेल तर पाण्यात मुलं कमी उतरवायची, बाकीची काठावर गाठी मारायला शिकतील, दुसरी बॅच नंतर. कॅम्पचं टाइमटेबल त्याने बिघडतं, बिघडू दे.

आणि उलटणारा माणूस कोण होता बघा, मुलांपैकी नाही तर शिक्षक. बरोबर आलेला मोठा माणूस म्हणजे जास्तीची मदत असं आपण धरून चालतो, शाळेच्या ग्रुपमध्ये तर हमखास. पाण्यावर येणाऱ्या मॅडम, सर, हौशी बाबा, हे सगळे नवशिके, त्यांना मुलांच्याच बाजूला मोजायचं.

आता सर्टिफिकेटचं आपल्याकडचं. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत लाइफ सेव्हिंगचा, पॉवरबोट चालवायचा कोर्स होतो, चांगला असतो, किनाऱ्यावरची बरीच पोरं तो करून येतात आणि करायलाच हवा. पण पॉवरबोट चालवायचं सर्टिफिकेट असलेला मुलगा दहा लहान मुलांना कायाकवरून बॅकवॉटरमध्ये नेऊ शकेलच असं नाही, ते वेगळं काम आहे. पोहायला येणं वेगळं, वाचवायला येणं वेगळं, गट सांभाळणं वेगळं. "सर्टिफाइड" म्हटलं की कशाचं, हा एकच प्रश्न विचारायचा, पालकांनीही आणि नोकरीवर ठेवणाऱ्यानेही.

मूळ गोष्ट मात्र त्याच्याही आधीची आहे. अपघाताच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या जूनमध्ये, ह्याच सेंटरवर काम करणाऱ्या दोन इन्स्ट्रक्टरांनी तिथली सुरक्षा बघून नोकरी सोडली होती आणि सोडल्यावर कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर पीटर काइट यांना पत्र लिहिलं होतं. पत्रात साध्या शब्दांत सांगितलं होतं की सुरक्षेकडे नीट लक्ष द्या, नाहीतर कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी घरी का परत येणार नाही हे समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येईल. अपघाताच्या नऊ महिने आधी. खटल्यात हे पत्र सगळ्यात जड ठरलं, कारण "आम्हाला कल्पना नव्हती" हे म्हणायची सोयच राहिली नाही.

मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलं की आपल्याकडे असं पत्र कोणी लिहिणारच नाही. सीझनला रोजावर आलेली मुलं असतात, बावीस-तेवीस वर्षांची, गावातली किंवा कॉलेजमधली, त्यांना काही खटकलं तर ती रात्री शेकोटीपाशी आपसात बोलतात, "ते जॅकेट फाटलंय रे, पोराला ढिलं होतंय", आणि मालकासमोर गप्प, कारण पुढच्या शनिवारी बोलावलं पाहिजे ना. म्हणजे इशारा असतो पण तो वर पोचत नाही. म्हणून कॅम्प चालवणाऱ्यानेच विचारायला लागतं, रोज संध्याकाळी, काय खटकलं, आणि उत्तर आलं तर चिडायचं नाही. सगळ्यात ज्युनियर मुलाला "आज पाण्यात नको" म्हणता आलं पाहिजे आणि तसं म्हटल्यावर चर्चा न करता त्या दिवशी पाणी बंद. हे बोलायला सोपं आहे, चाळीस पोरांचे पैसे घेतलेले असताना आणि ती पोरं सकाळपासून "दादा कायाक कधी" करत डोकं खात असताना अवघड आहे, मला माहितीये.

लाइफ जॅकेटवरून आठवलं, थोडं विषयांतर. लहान मुलाला मोठ्यांच्या मापाचं जॅकेट म्हणजे जॅकेट नसल्यातच जमा. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली सरकतं, जॅकेट कानापर्यंत येतं, तोंड पाण्याखाली. मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असतो तो ह्यासाठीच, आणि तोच पट्टा सगळ्यात आधी तुटलेला असतो. खांद्यापाशी धरून मुलाला वर उचलून बघायचं, जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते माप त्याचं नाही. वडोदऱ्याला हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीतली बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बोटीत आणि सगळ्यांना जॅकेट नव्हती. वडोदरा म्हणजे मराठी घरांचं गाव, तेव्हा इकडच्या कितीतरी लोकांचे फोन त्या रात्री तिकडे चालू होते. तो कॅम्प नव्हता, साधी सहल होती, पण पैसे घेऊन मुलांना पाण्यावर नेणं दोन्हीकडे सारखंच.

परत लाइम बेला येऊ. ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते म्हणजे दुपारचे तास. मुलं बाराच्या सुमाराला चारमथला पोचायला हवी होती. नाही पोचली. सेंटरवरून कोस्टगार्डला कळवलं गेलं साडेतीनच्या सुमारास. म्हणजे तीन-साडेतीन तास मधे गेले. त्याच्या थोडं आधी एका मासेमारी बोटीला रिकामी उलटी कायाक सापडलेली होती. ह्या तासांत सेंटरमध्ये कोणी झोपलेलं नव्हतं, किनाऱ्यावर शोधाशोध चालू होती, ह्या टोकाला असतील, त्या टोकाला असतील, आपल्याला चुकून दिसली नसतील. हे आपल्याला पूर्ण समजतं, कारण आपणही हेच करू. आधी स्वतः शोधू, मग अजून अर्धा तास बघू, उगाच पोलिसांना कशाला, नाव खराब होईल, पालकांना कळलं तर, आणि येतीलच आता. माणसाचं मन असंच चालतं आणि त्यामुळेच हा निर्णय त्या क्षणी त्या माणसाच्या मनावर सोडायचा नसतो. निघायच्या आधी कागदावर लिहून ठेवायचं की गट अमुक वाजता परत, आणि त्यानंतर इतक्या मिनिटांनी फोन, कोणीही असो, कारण काहीही असो. तो फोन खोटा ठरला, मुलं झाडाखाली बसून भेळ खात होती असं निघालं, तरी कोणी कोणाला बोलायचं नाही. थंड पाण्यात तर हे तास म्हणजेच जीव होता, चारच्या चार मुलं वाचली असती की नाही हे मी सांगू शकत नाही, पण कोर्टात हा उशीर मोठा मुद्दा झाला.

आपलं पाणी कोमट असतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की आपल्याकडे वेळ जास्त आहे. थंडीने माणूस तितक्या लवकर गळत नाही हे खरं. पण मे महिन्यात वळीव येतो, दुपारी तीन-चारनंतर ढग भरतात, आधी एकदम वारा पडतो आणि मग धुळीसकट असा सुटतो की शांत पडलेल्या धरणात दहा मिनिटांत पांढऱ्या लाटा, वर विजा. मुळशी, पानशेतला हे बघितलेलं नाही असा माणूस तिथे कॅम्प घेत नसावा अशी आशा करतो. धरणात मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, काठाला चिखल, बुडालेल्या झाडांची खोडं वर आलेली, वारा सुटला म्हणून घाईत कुठेही काठ गाठायला जावं तर मुलं गुडघाभर चिखलात रुततात. म्हणून पाण्यावरची सत्रं सकाळी, दुपारनंतर काठावरचे उद्योग. किनाऱ्यावर तर मे अखेरीपासून पावसाळ्यासाठी जलक्रीडा बंदच होतात, ते बरंच आहे, पण वळीव सरकारी तारीख बघून येत नाही.

खटल्याचं थोडक्यात सांगतो. तो इन्स्ट्रक्टरांवर झाला नाही, कंपनीवर, मॅनेजिंग डायरेक्टरवर आणि सेंटर मॅनेजरवर झाला. विंचेस्टरच्या कोर्टात डिसेंबर १९९४ मध्ये निकाल लागला. पीटर काइट दोषी, चारही मृत्यूंसाठी सदोष मनुष्यवध, तीन वर्षं कैद, अपिलात ती दोन वर्षं झाली. कंपनीला साठ हजार पौंड दंड. सेंटर मॅनेजरबद्दल ज्युरीचं एकमत झालं नाही, तो सुटला. इंग्लंडच्या इतिहासात एखादी कंपनीच मनुष्यवधासाठी दोषी ठरण्याची ही पहिली वेळ. त्याआधी १९८७ मध्ये हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरी बोट बुडून १९३ माणसं गेली होती, तिच्या मोठ्या कंपनीवरचा खटला टिकला नव्हता, कारण इतक्या मोठ्या कंपनीत नेमका कुठल्या वरच्या माणसाचा दोष हे दाखवता आलं नाही. ओएलएल लहान होती, डायरेक्टर स्वतःच सगळं ठरवायचा, पत्र त्याच्याच नावाने आलेलं, त्यामुळे बोट दाखवणं सोपं गेलं. आपल्याकडचे बहुतेक कॅम्प ह्याच मापाचे असतात, एक मालक, त्याची बायको किंवा भाऊ हिशोबाला, चार कायमची मुलं आणि बाकी सीझनची. तेव्हा "माझा माणूस पाण्यात होता, मी ऑफिसला होतो" हे म्हणून मालक सुटेल अशी समजूत असेल तर हे प्रकरण परत एकदा वाचावं.

निकालानंतर प्लिमथचे खासदार डेव्हिड जेमिसन यांनी खाजगी विधेयक आणलं आणि १९९५ साली अठराच्या आतल्या मुलांच्या साहसी केंद्रांसाठी कायदा झाला, १९९६ पासून लायसन्स सुरू झालं. गुहा, गिर्यारोहण, ट्रेकिंग आणि जलक्रीडा एवढंच त्यात, आणि तेही पैसे घेऊन चालवणाऱ्यांना, शाळा स्वतःच्या मुलांना स्वतः नेत असेल तर नाही. आपल्याकडे महाराष्ट्राचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, जमीन, पाणी, हवा तिन्ही धरून, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची. नोंदणी करा, त्यात जे मागतात ते बहुतेक मागायलाच हवं असं आहे. फक्त फाइल पूर्ण झाली म्हणजे पाण्यावरचं काम पूर्ण झालं असं धरू नका, वाऱ्याची दिशा कुठल्याच फॉर्मवर नसते.

राहिला तो किनाऱ्यावरचा माणूस. मुलं पाण्यात असताना एक जण काठावर असाच हवा ज्याच्याकडे यादी, परतायची वेळ आणि फोन नंबर आहेत. समुद्रावर कोस्टगार्डचा १५५४, एरवी ११२, ॲम्ब्युलन्सला १०८, आणि ह्या सगळ्यांच्या आधी जवळच्या वाडीतला ज्याच्याकडे होडी आहे त्याचा नंबर, कारण धरणावर पहिला पोचणार तोच. आता ह्यात खरी अडचण अशी की पानशेतच्या आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी रेंजच नसते. तिथे फोन करायचा म्हणजे कुणीतरी बाइकवरून वरच्या वळणापर्यंत जायचं. कुठल्या वळणावर कुठल्या कंपनीची रेंज येते, तिथपर्यंत किती मिनिटं लागतात, बाइकची किल्ली कोणाकडे, हे मुलं यायच्या आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन बघायचं. आणि त्या माणसाला त्या वेळात पोह्यांचे कांदे चिरायला बसवायचं नाही.